माळ्यावरील ख्रिस्त आणि संग्रहालयांतील संत

(ज्युबिली व्याख्यानमालेंतील शेवटचें भाषण)



ज्युबिली समितीनें या व्याख्यानमालेंतील शेवटचें भाषण आमच्याकडे सोंपविलें, आणि विषय आम्हींच निवडावा अशी सवलतहि दिली. आमच्या आधींच्या वक्त्यांनीं पॅरिशचा इतिहास, शाळेची वाढ, सोडॅलिटीचें कार्य यांविषयीं इतकें सांगितलें आहे कीं, त्यांत आम्हीं भर घालणें म्हणजे भरल्या घागरींत पाणी ओतणें होय. म्हणून आज आम्ही अशा एका वस्तूविषयीं बोलणार आहों कीं, जी या सभागृहापासून पन्नास पावलांवर आहे, आणि तरीहि तुमच्यापैकीं बहुतेकांनीं ती पाहिलेली नाहीं. साक्रिस्टीच्या वरच्या माळ्यावर, मोडक्या बांकांच्या मागें, जुन्या पडद्यांत गुंडाळलेली प्रभु येशूची एक लांकडी मूर्ति आहे.

ती क्रुसावर मरण पावलेल्या ख्रिस्ताची मूर्ति आहे. उंचीनें पुरुषापेक्षां थोडी लहान. मस्तक उजव्या खांद्यावर झुकलेलें, डोळे मिटलेले, ओठ किंचित् उघडे. दोन्ही खांद्यांपाशीं लांकडाचे सांधे असून त्यांवर कातड्याची पट्टी चिकटविलेली आहे. हात पसरले म्हणजे मूर्ति क्रुसावर टांगतां येते, आणि हात खालीं घेतले म्हणजे तीच मूर्ति कबरेंत निजवितां येते. अशा मूर्ति पोर्तुगीज अमलाखालीं असलेल्या सर्व किनाऱ्यावर होत्या, आणि त्यांचें प्रयोजन एकच असे. उत्तम शुक्रवारीं प्रवचन संपल्यावर दोन मनुष्यें शिड्या लावून वर चढत, खिळे काढीत, आणि पांढऱ्या कापडाच्या आधारानें प्रभूचें शरीर हळूहळू खालीं उतरवीत. खालीं दुःखी मातेची मूर्ति उभी असे. आपल्या पॅरिशमधील एका वृद्ध भगिनीनें आम्हांस सांगितलें कीं, हात खालीं येतांना त्या सांध्यांचा जो करकर आवाज होई तो ऐकून लहानपणीं ती आईच्या पदरांत तोंड लपवीत असे.

आज त्या मूर्तीच्या डाव्या हाताचीं तीन बोटें नाहींत. अंगावर तेलरंगाचे निदान तीन थर आहेत, आणि शेवटचा थर गुलाबी आहे. पाठीवर टांचणीनें टोंचल्यासारखीं छिद्रें असून, पडदा झटकला तेव्हां त्यांतून पिवळसर भुकटी खालीं पडली. हें काम भुंग्याचें. वाळवी लांकडाला बाहेरून मातीचीं वेष्टनें घालून येते, म्हणून ती दिसते. भुंगा आंत राहून पोखरतो, आणि बाहेर येतो तेव्हांच कळतो.

या मूर्तीचें करावें काय, याविषयीं समितींत तीन मतें पडलीं. पहिलें असें कीं, ज्युबिलीच्या दिवसापर्यंत तिला नवा रंग व सोनेरी वर्ख देऊन ती दर्शनीं ठेवावी. एका सद्गृहस्थांनीं त्याचा खर्चहि देऊं केला आहे. दुसरें असें कीं, ती संग्रहालयास देऊन मोकळें व्हावें. तिसरें मत सभेंत कोणी बोललें नाहीं, पण आमच्या कानीं आलें. तें असें कीं, किडक्या लांकडापासून नव्या बांकांस कीड लागेल, यास्तव तें आदरपूर्वक जाळून टाकावें. या तिसऱ्या मताला कोणीं हसूं नये. झिजून निरुपयोगी झालेल्या पवित्र वस्तु जाळाव्या किंवा पुराव्या ही ख्रिस्तसभेंतली जुनीच चाल आहे. प्रश्न इतकाच कीं, ही वस्तु निरुपयोगी झाली आहे काय?

मत देण्यापूर्वीं डोळ्यांनीं पाहावें, या हेतूनें पावसाळा संपल्यावर आम्ही समितीच्या कांहीं सभासदांसह मुंबईंतील तीन संग्रहालयें पाहून आलों. पहिलें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ज्याला आपले वडीलधारे अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम म्हणतात. त्या इमारतीची कोनशिला सन १९०५ मध्यें बसली आणि लोकांसाठीं तिचीं दारें सन १९२२ मध्यें उघडलीं. इमारतीच्या आंत नाशिकच्या एका जुन्या राजवाड्यांतून आणलेल्या कोरीव लांकडी महिरपी बसविलेल्या आहेत. येणारे लोक त्यांखालून पलीकडच्या दालनांकडे घाईनें निघून जातात; वर पाहणारे थोडे. आमच्याबरोबर सुतारकामाचे एक कंत्राटदार होते. ते मात्र पाऊण तास तेथून हलले नाहींत, आणि अखेरीस एवढेंच म्हणाले, “फादर, हा सांधा बघा. खिळा नाहीं.” ज्या घराण्यासाठीं त्या महिरपी कोरल्या गेल्या तें त्यांच्याखालीं आतां बसत नाहीं, पण तो सांधा कसा केला हें अजून कोणाहि सुतारास तेथें उभें राहून शिकतां येतें.

तेथून सेंट झेवियर्स कॉलेज. ठाकूरद्वाराहून धोबीतलाव पायीं वीस मिनिटांचा रस्ता, पण आमच्यापैकीं एकहि सभासद तेथील संग्रह पाहण्यास पूर्वीं गेलेला नव्हता. स्पेनमधील जेज्वीट इतिहासकार फादर हेन्री हेरास हे सन १९२२ मध्यें मुंबईस आले आणि सन १९२६ मध्यें त्यांनीं येथें इतिहास-संशोधनाची संस्था काढली. सन १९५५ मध्यें ते वारल्यावर तिला त्यांचेंच नांव मिळालें. मोहनजोदडोच्या लिपीचा ध्यास घेतलेल्या या पाद्र्यानें नाणीं व शिल्पें यांबरोबर ख्रिस्ती मूर्तीहि जमविल्या, कांहीं हस्तिदंती, कांहीं लांकडी. तिसरें ठिकाण गोरेगांवचें. ज्या सेंट पायस सेमिनरींत आम्ही स्वतः शिकलों, तिच्याच आवारांत सन २०११ पासून आपल्या महाधर्मप्रांताचें वारसा-संग्रहालय आहे. आमच्या विद्यार्थिदशेंत तें नव्हतें, आणि अशा कांहीं वस्तु जपाव्या असें आम्हांस कोणी शिकविल्याचेंहि स्मरत नाहीं. तेथें कोरीव संतमूर्ति, मिस्सेचीं जुनीं वस्त्रें, चांदीचीं पात्रें अशा वस्तु ठेवल्या आहेत, आणि त्या आपल्यासारख्या देवळांतून आलेल्या आहेत.

त्या दिवशीं आमच्या मनांत एक गोष्ट घर करून राहिली. अशा मूर्तींपाशीं जी चिठ्ठी असते तींत लांकूड, रंग, अमुक शतक, एवढें लिहिलेलें असतें. कारागिराचें नांव बहुधा कोठेंच नसतें. युरोपांतील मूर्तिकारांचीं नांवें पुस्तकांतून झळकतात. आमच्या मूर्ति कोणीं केल्या?

याचें उत्तर शोधण्यास गोव्याकडे पाहावें लागतें, कारण या किनाऱ्यावरील ख्रिस्ती मूर्तिकलेचें मोठें केंद्र तें होतें. गोव्यांत सन १५६७ मध्यें भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेनें असा नियम केला कीं, ख्रिस्ती लोकांनीं ख्रिस्ताच्या व संतांच्या प्रतिमा आणि उपासनेच्या वस्तु अख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेऊं नयेत. असे हुकूम पुढेंहि काढावे लागले, यावरूनच ते किती पाळले जात होते तें उघड आहे. देवळें झपाट्यानें उठत होतीं, पोर्तुगालहून येणाऱ्या मूर्ति पुरत नव्हत्या, आणि लांकूड कोरणारा हात कालपर्यंत देवळाचे खांब आणि रथ कोरीत आलेला होता. तोच हात आतां मरियेचा पदर कोरूं लागला. म्हणून तो पदर पुष्कळदां साडीच्या निऱ्यांसारखा पडतो. देवदूतांचे गाल कोंकणांतल्या मुलांसारखे भरलेले दिसतात. आणि गोव्यांतील कित्येक जुन्या व्यासपीठांच्या तळाशीं नागकन्या आपल्या डोक्यांवर प्रवचनकाराचा भार तोलून उभ्या आहेत. त्यांच्यावर उभें राहून ज्या पाद्र्यांनीं मूर्तिपूजेविरुद्ध प्रवचनें केलीं असतील, त्यांनीं खालीं कधीं वांकून पाहिलें होतें कीं नाहीं, हें देव जाणे.

यांत कांहीं अमंगल आहे असें आम्हांस वाटत नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हे सन १५७९ मध्यें गोव्यास आले; त्यांनीं ख्रिस्ताची कथा मराठी ओवींत रचिली, आणि तें ख्रिस्तपुराण सन १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें. ओवी त्यांनीं निर्माण केली नाहीं; ती येथें होतीच, तिच्यांत त्यांनीं सुवार्ता ओतली. कारागिरानें छिनीनें तेंच केलें. फरक एवढाच कीं, पुराणावर कर्त्याचें नांव आहे, मूर्तीवर नाहीं. आणि योगायोग असा कीं, गोव्याचें ख्रिस्ती कलेचें संग्रहालय सन १९९४ मध्यें प्रथम उघडलें तें त्याच राचोलच्या सेमिनरींत. सन २००२ मध्यें तें जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठाच्या देवळांत हलविण्यांत आलें, आणि मोठ्या दुरुस्तीनंतर सन २०२२ मध्यें तें पुन्हां उघडलें. आपल्या पॅरिशची यात्रा दरवर्षीं जुन्या गोव्यास जाते. संत फ्रान्सिस झेवियरच्या समाधीचें दर्शन झालें कीं, सर्वजण काजू आणि बेबिंका घेण्यास पळतात. पुढच्या खेपेस एक तास या मठासाठीं राखावा.

मूर्ति कशी करीत तेंहि थोडक्यांत सांगतों, कारण त्याशिवाय रंगाचा प्रश्न कळणार नाहीं. लांकूड बहुधा सागाचें, क्वचित् शिसवाचें किंवा दुसऱ्या देशी झाडाचें असे. मोठी मूर्ति पाठीमागून पोकळ करीत, म्हणजे गाभा सुकतांना तडा जात नसे. कोरून झाल्यावर तिच्यावर खडू आणि सरस यांचा पातळ लेप देत, तो घासून हस्तिदंतासारखा गुळगुळीत करीत, मग त्यावर रंग. सोनें लावावयाचें तेथें तांबड्या मातीचा थर देऊन त्यावर वर्ख चिकटवीत आणि घोटून चमक आणीत. मनुष्याच्या कांतीचा रंग सर्वांत शेवटीं, आणि तो सर्वांत कठीण. कांहीं मूर्तींचीं फक्त मुखें आणि हात हस्तिदंताचे असत. मिरवणुकींत नेण्याच्या कित्येक मूर्तींचें तर केवळ मस्तक व हात कोरलेले, बाकी सर्व साधा लांकडी सांगाडा. त्यावर रेशमी झगा चढविला कीं झालें. अशा मूर्तीचा झगा बदलण्याचें काम पॅरिशमधील स्त्रियांकडे वंशपरंपरेनें असे, आणि त्या वेळीं पुरुषांस खोलींत येऊं देत नसत.

आतां या पातळ लेपावर आपण बाजारांतला तेलरंग चढवितों तेव्हां काय होतें? मुंबईंत लांकूड पावसाळ्यांत फुगतें आणि थंडींत आकसतें. जुना लेप त्याच्याबरोबर थोडा हलतो. तेलरंगाचें जाड पुट हलत नाहीं, तें उचलून येतें, आणि येतांना खालचा जुना रंगहि घेऊन येतें. शिवाय पुटावर पुट चढून छिनीच्या बारीक खुणा बुजतात. आमच्या विनंतीवरून एक जतनतज्ज्ञ बाई येऊन माळ्यावर चढल्या. त्यांनीं आपल्या ख्रिस्ताच्या गुडघ्यावर टपालाच्या तिकिटाएवढा भाग साफ करून दाखविला. गुलाबी रंगाखालीं तपकिरी, त्याखालीं पांढरट, आणि सर्वांच्या खालीं फिकट, जवळजवळ निळसर असा प्रेताचा रंग निघाला. त्यावर रक्ताचा एकच थेंब, इतक्या जपून काढलेला कीं, त्याची कड सुकून काळी पडल्याचेंहि कारागिरानें दाखविलें आहे. तो थेंब आमच्या आजोबांच्या पिढीनेंसुद्धां पाहिला नसेल. वाळवीनें तो खाल्ला नव्हता. आमच्याच भक्तीनें तो झांकला होता.

जुन्या मूर्तीस कांहीं करावें लागूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. वांद्र्याच्या डोंगरावरील मरियामातेची मूर्ति लांकडीच आहे, आणि तिच्या नशिबीं काय काय आलें तें सर्वश्रुत आहे. परंपरा सांगते कीं, सन १७०० मध्यें मस्कतच्या अरब चांच्यांनीं देवळावर छापा घातला, आणि मातेच्या उजव्या हातांतली सोनेरी वस्तु मोलाची समजून तो हातच तोडून नेला. पुढें त्या भागाची दुरुस्ती होऊन तेथें बाळ येशूची मूर्ति बसविण्यांत आली. मराठ्यांच्या स्वारीच्या काळांत ती मूर्ति माहीमच्या सेंट मायकलच्या देवळांत नेऊन ठेवली होती, आणि सन १७६१ च्या सुमारास ती पुन्हां डोंगरावर गेली. आजचें देऊळ सन १९०४ चें, मूर्ति त्याहून कितीतरी जुनी. सप्टेंबरच्या जत्रेंत आपण सर्व तेथें जातों. तिचा हात तुटला म्हणून कोणीं तिला जाळली नाहीं.

उलट वसईकडे पाहा. सन १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे आली, आणि सन १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं ती जिंकली. त्या दोनशें वर्षांत किल्ल्यांत जीं देवळें उठलीं त्यांच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. त्यांच्या घंटा कोठें आहेत तेंहि आपणांस ठाऊक आहे; एक नाशिकला नारोशंकराच्या देवळांत, एक वाईजवळ मेणवलीस घाटावर, आणि तेथील हिंदु बांधवांनीं त्या आजवर नीट सांभाळल्या आहेत. पण त्या देवळांतील वेद्या, दारें, कबुलीजबाबाच्या खुर्च्या, संतांच्या मूर्ति? घंटा धातूची म्हणून राहिली, भिंत दगडाची म्हणून राहिली. लांकूड राहण्यास कोणीतरी मनुष्य लागतो.

येथें आमचे कंत्राटदार मित्र म्हणतील कीं, सागवान इतकें लेचेंपेचें नसतें. तें खरें आहे. मुंबईच्या गोदींत वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखालीं सन १८१७ मध्यें ट्रिंकोमाली नांवाचें सागवानी लढाऊ जहाज पाण्यांत सोडण्यांत आलें. तें आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें संग्रहालय म्हणून पाण्यावर तरंगत आहे. दोनशेंहून अधिक वर्षें खाऱ्या पाण्यांत राहिलेलें मुंबईचें लांकूड शाबूत, आणि कोरड्या माळ्यावर ठेवलेलें आपलें लांकूड किडकें! त्या जहाजाचीहि मध्यंतरीं दुर्दशा झाली होती; कोणीतरी तें दुरुस्त करण्याचें मनावर घेतलें, इतकाच भेद.

आतां आमच्या स्वतःच्या अपराधाविषयीं. समितीच्या सभासदांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, हें तुम्हांस कळावें म्हणून तें सांगतों. पंचवीस वर्षांपूर्वीं, आम्ही नुकतेच विगार झालों असतां, एका दूरच्या पॅरिशमध्यें वेदीमागें जुन्या लांकडी नक्षीची एक मोठी कमान होती. तिच्यावर धूळ बसे, तींत वटवाघुळें राहत, आणि ती आमच्या दृष्टीस पडली म्हणजे आम्हांस आपण शंभर वर्षें मागें आहों असें वाटे. आम्हीं ती उतरविली आणि भिंतीस पांढऱ्या टाइल्स बसविल्या. व्हॅटिकन परिषदेस साधेपणा हवा आहे, असें आम्हीं लोकांस मोठ्या थाटांत सांगितलें. कमानीचें लांकूड चांगलें होतें, म्हणून शाळेसाठीं त्याचीं कपाटें करण्यास एका वृद्ध हिंदु सुताराकडे दिलें. तिसऱ्या दिवशीं तो फडक्यांत कांहींतरी गुंडाळून घेऊन आला. आंत पंख असलेलीं बालदेवदूतांचीं दोन मस्तकें होतीं. तो म्हणाला, “फादर, बाकीचं चिरलं. यांना करवत लावायला हात होईना. पोरांची तोंडं आहेत.” आणि वेळ फुकट गेला म्हणून अर्ध्या दिवसाची मजुरी कापून घ्या, असेंहि म्हणाला.

सन १५६७ च्या परिषदेस ज्या हाताविषयीं शंका होती तो हात असा होता. आणि तो नियम करणाऱ्यांच्या बाजूचा, सेमिनरींत सात वर्षें काढलेला, तेल लावलेल्या हातांचा मनुष्य त्याच्यासमोर उभा होता. आम्हीं त्याची मजुरी कापली नाहीं, एवढेंच आमच्या बाजूनें सांगतां येईल. त्यांतील एक मस्तक आमच्या लिहिण्याच्या टेबलावर असतें. दुसरें आम्हीं पुढें त्या पॅरिशला परत केलें.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनीं परिषदेचा उपासनाविषयक लेख आम्हीं पुन्हां वाचला. सन १९६३ च्या त्या लेखाच्या १२६ व्या कलमांत धर्माध्यक्षांस बजावलें आहे कीं, देवळांतील मौल्यवान वस्तु विकल्या जाऊं नयेत व नाश पावूं नयेत याविषयीं त्यांनीं दक्ष असावें. म्हणजे ज्या परिषदेच्या नांवानें आम्हीं करवत चालविली, तिनें नेमकें उलट सांगितलें होतें. सन १९८३ च्या धर्मविधिसंहितेचें ११८९ वें कलमहि तसेंच आहे. प्राचीनतेमुळें, कलेमुळें किंवा भक्तीमुळें मौल्यवान असलेली देवळांतील मूर्ति दुरुस्त करावयाची तर धर्माध्यक्षांची लेखी परवानगी पाहिजे, आणि ती देण्यापूर्वीं त्यांनीं तज्ज्ञांचें मत घ्यावें. तेव्हां ज्या सद्गृहस्थांनीं रंगाचा खर्च देऊं केला त्यांचे आभार मानून आम्हांस म्हणावें लागतें कीं, तो रंग देण्याचा अधिकार आमचा नाहीं व समितीचाहि नाहीं. लगेच पुढच्या कलमांत आणखी एक गोष्ट आहे. लोक ज्या मूर्तीस मोठ्या भक्तीनें मान देतात ती रोमच्या अनुज्ञेवांचून कायमची दुसरीकडे नेतां येत नाहीं.

या शेवटच्या वाक्यावर आम्हीं पुष्कळ विचार केला. कारण कायदा येथें विगाराला विचारीत नाहीं, लोकांना विचारतो. तुम्ही या मूर्तीस मान देतां काय? कित्येक वर्षें ती माळ्यावर होती आणि कोणीं तिची चौकशी केली नाहीं. ठाकूरद्वारचें नांवच मुळीं एका देवळावरून पडलें आहे, आणि आपले शेजारी भाद्रपदांत मातीचा गणपति घरीं आणून ठराविक दिवशीं समुद्रावर पोंचवितात. तो जाणार हें ठरलेलेंच असतें. आपण मूर्ति पाण्यांत सोडीत नाहीं. मग ती ठेवून घेऊन विसरून जाणें, याला काय म्हणावें?

संग्रहालय हें वाईट ठिकाण आहे असें कोणीं समजूं नये. पुण्याचे दिनकर केळकर यांनीं आपल्या बालवयांत वारलेल्या मुलाच्या स्मरणार्थ दारें, दिवे, अडकित्ते, देव्हारे असें हजारों वस्तूंचें भांडार घरोघर हिंडून जमविलें आणि तें सरकारास अर्पण केलें. त्यांनीं तें केलें नसतें तर तीं दारें जळणांत गेलीं असतीं. संग्रहालयांत हवा बेताची असते, कीड मारतात, रात्रीं पहारा असतो. आपल्या माळ्यावर यांपैकीं कांहींएक नाहीं. तरी गोरेगांवीं आम्हांस एका संताच्या मूर्तीपुढें उभें असतां खिशांतली जपमाळ काढण्याचा संकोच वाटला, हेंहि खरें. मूर्तीला दिलेला मान मूर्तीपाशीं थांबत नाहीं, ती ज्याची आहे त्याला पोंचतो, असें निकेयाच्या दुसऱ्या परिषदेनें सन ७८७ मध्यें ठरविलें. कांचेच्या पेटींतील मूर्तीला मान देण्याची कोणास बंदी नाहीं. पण तेथें तो कोणी देत नाहीं, आणि कारागिरानें हातांना सांधे बसविले ते पेटींत ठेवण्यासाठीं नव्हेत.

म्हणून आम्हीं पुढीलप्रमाणें केलें आहे. महागुरुंच्या कार्यालयास छायाचित्रांसह पत्र लिहिलें असून दुरुस्तीची परवानगी मागितली आहे. परवानगी येईपर्यंत मूर्तीस कोणींहि रंग, वार्निश अथवा रॉकेल लावूं नये. रॉकेलनें कीड मरते असें ज्यांनीं सुचविलें त्यांस विशेष विनंती. परवानगी आल्यावर प्रथम कीड मारण्याचें काम होईल. तेलरंग काढण्याचें काम सावकाश, एक दोन वर्षें चालेल. ज्युबिलीच्या दिवशीं ती नवी दिसणार नाहीं. येत्या उत्तम शुक्रवारीं ती वेदीपुढें पांढऱ्या कापडावर निजवून ठेवूं. क्रुसावर टांगण्याइतके तिचे सांधे आतां मजबूत नाहींत. त्या दिवशीं तिच्यापाशीं किती जण येतात आणि किती वेळ थांबतात, तें आम्ही व समिती पाहूं. त्यानंतर ती बाजूच्या वेदीवर राहील कीं मुदतीनें गोरेगांवीं जाईल, हें पॅरिश-सभेंत ठरेल. त्या वृद्ध भगिनीस सभेस आणण्यासाठीं कोणीं गाडीची व्यवस्था केली तर बरें होईल.

आणखी एक विनंती. खोताचीवाडी आणि आसपासचीं जुनीं घरें पडूं लागलीं आहेत, आणि घर पडलें कीं घरांतला लांकडी देव्हारा पहिल्यानें चोरबाजारांत पोंचतो. ज्यांच्या घरीं असा देव्हारा, मूर्ति किंवा क्रूस आहे त्यांनीं तो विकण्यापूर्वीं एकवार आम्हांस दाखवावा. आम्ही मागून घेणार नाहीं. फक्त छायाचित्र काढून, तो कोणाचा, कोणीं आणला, त्याच्यापुढें कोणती प्रार्थना होत असे, एवढें वहींत लिहून ठेवूं. वही साक्रिस्टींत ठेविली आहे.

येत्या शनिवारीं सकाळीं नऊ वाजतां मूर्ति माळ्यावरून खालीं आणावयाची आहे. शिडी अरुंद आहे. चार तरुण पाहिजेत, आणि त्यांनीं हातांतील अंगठ्या घरीं ठेवून यावें.